गाठीपुढची काळी पट्टी

व्हिनेगरचा वास आला की फिल्म धुवायचं द्रावण आठवतं, आणि नव्वदच्या दशकातली आमच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेची डार्करूम. मज्जातंतूंचं एक जनुक फक्त मेंदूच्या नमुन्यात दिसायला हवं होतं, पण फिल्मवर स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीपुढेही त्याची काळी पट्टी उमटली. 'नळ्यांची अदलाबदल केलीस,' प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, चिडले. पुन्हा प्रयोग केला तेव्हा नळ्यांवर नावांऐवजी नुसते आकडे घातले ते आमच्या तंत्रज्ञ अक्कांनी; कोणता आकडा कशाचा, ते फक्त त्यांच्या चिठ्ठीत होतं. स्तनाच्या ऑपरेशननंतर त्या नुकत्याच कामावर परतल्या होत्या. ओल्या फिल्मवर दोन पट्ट्या आल्या. अक्कांनी घडी घातलेली ती चिठ्ठी उघडली: एक मेंदू, दुसरी गाठ. मला धडकीच भरली. हा रोग मेंदूचीही हत्यारं चोरतो! अक्का कन्नड वळणाने म्हणाल्या, 'सरी, ठीक आहे, चोराची खिडकी तरी कळली. आता बंद करा.' ऐंशी ओलांडलेल्या अक्का अजून दर दिवाळीला फोनवर विचारतात, 'खिडकी बंद झाली का गं?' यंदा मी म्हटलं, 'अर्धी झाली, अक्का. ते जनुक रोखणारं औषध चाचणीत आहे.'