बिनधक्क्याची गाडी

सांगलीच्या हळद बाजाराबाहेर मालट्रकांचा अड्डा आहे. तिथं एक फळा आहे आणि फळ्याहून मोठा बाळासो आहे. बाळासो अड्ड्याचा मुकादम. स्वतःचे दोन ट्रक, डोक्यावर कडक पांढरी टोपी, आणि आवाज असा की पलीकडं गुळाचे सौदे थांबावेत. रोज सकाळी तो फळ्यावर गाड्यांचे नंबर लिहितो. नंबर पुकारला की दहा मिनिटांत गाडी सुरू होऊन फाटकातून आत भरायला गेली पाहिजे. नाही गेली तर नंबर गेला आणि नावापुढं फुली. एका महिन्यात तीन फुल्या झाल्या की नाव पुसलं. मग बाजारातलं एक पोतं तुमच्या गाडीत चढत नाही.

मेहरुनबीच्या नावापुढं दोन फुल्या झाल्या होत्या, आणि महिना संपायला अजून अकरा दिवस होते.

मेहरुनबी म्हणजे मिरजेच्या रसूल ड्रायव्हरची बायको. वय सत्तेचाळीस, अंगानं किरकोळ, जीभ मात्र भरल्या गाडीची. पाच वर्षांपूर्वी रसूल ताडपत्री बांधताना वरून पडला आणि त्याचा खुबा मोडला. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा! हाड बसलं, पण क्लच दाबायचा पाय काही परत आला नाही. भाऊबंद जमले. गाडी विका, बाईला शिवणयंत्र घेऊन द्या, असं सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. मेहरुनबीनं सगळ्यांना चहा पाजला, कपबशा विसळल्या आणि दुसऱ्या दिवशी लायसनच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली. दोन वर्षं खेटे घातले, पण मोठ्या गाडीचं लायसन काढूनच आली. तेव्हापासून ती हळद भरते आणि कराड, सातारा, पुण्यापर्यंत पोचवते. एक पोतं कधी भिजलं नाही की फाटलं नाही.

जुन्या ट्रकाचं दुखणं एकच, सकाळी तो उठत नाही. अड्ड्यावर त्याला औषध होतं. कुणाची गाडी अडली की एक शिट्टी जायची, दहा माणसं धावायची आणि रिकाम्या गाडीला धक्का मारून सुरू करून द्यायची. तोवर बाळासोचं घड्याळही थांबायचं. हा शेजारधर्म मेहरुनबीनं रोज पाहिला होता. तिची गाडी अड्ड्यावर पहिल्यांदा अडली, तेव्हा मात्र सगळ्यांना एकदम मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसायला लागलं.

"भाभी, बाईमाणसाच्या गाडीला हात लावायचा म्हंजे लोकं काय म्हणतील?" बाळासो म्हणाला आणि स्वतःच हसला. दुसऱ्या वेळी दोन पोरं उठली होती, पण त्यानं नुसतं बघितलं तशी खाली बसली. घड्याळ काही थांबलं नाही.

मेहरुनबीला रडू आलं नाही. तिला राग आला. आणि तिचा राग लवकर निवत नाही, हे हवं तर रसूलला विचारा.

त्या दिवशी घरी आल्या आल्या तिनं सांगून टाकलं, "आता धक्का मागायचा न्हाई. मरेपर्यंत न्हाई."

"अगं, चार पोरांना चहा पाज. देतील धक्का," रसूल खाटेवरून म्हणाला.

"चहा मी माझ्या खुशीनं पाजीन, भिऊन न्हाई पाजणार. आवं, साताऱ्याला माल उतरवताना एका पंजाबी ड्रायव्हरकडं बॅटरीचा डबा बघितलाय मी. दोन चिमटे लावले, सेल्फ मारला, गाडी चालू. माणूस लागत न्हाई का काय न्हाई. तसला डबा घ्यायचा."

"त्यो डबा छोट्या मोटारवाल्यांचा खेळ हाय. ट्रकाला पुरायचा न्हाई."

"मग पुरणारा घेऊ," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं घरामागच्या उतारावरून गाडी सोडली आणि गिअर टाकून सुरू केली. उतार तेवढा घरचा होता. अड्डा म्हणजे तव्यासारखा सपाट. गाडी घेऊन ती सांगलीत बॅटऱ्यांच्या एका दुकानापुढं आली. दुकानाच्या बरोबर तोंडाला ट्रक लावला आणि इंजिन बंद केलं.

दुकानात धैर्यशील नावाचा इस्त्रीच्या शर्टातला मुलगा होता. बाप नाश्त्याला गेला होता आणि दुकान त्याच्यावर होतं. त्यानं लगेच एक चपटा, सुबक डबा काढला. मोबाईलपेक्षा थोडा मोठा.

"काकू, हे घ्या. हजार अँपिअर आहे. पुष्कळ ट्रकवाले नेतात."

"परत किती आणतात?"

धैर्यशील नुसता हसला. मेहरुनबी हसली नाही. तिनं खोका डोळ्यांजवळ नेऊन बारीक अक्षरं वाचली. मग बोट ठेवून म्हणाली, "हितं बारा व्होल्ट लिवलंय. डिझेल तीन लिटरपर्यंत लिवलंय. माझं इंजिन पावणेसहा लिटरचं, गाडी चोवीस व्होल्टची. माझ्या गाडीसाठी म्हणून ह्यात काय हाय, सांग बघू?"

"तसं लिहितात ते काकू, पण चालतं."

"चालतं व्हय? मग लावून दाव. गाडी दारातच हाय. आता बंद केलीया, आपल्या आपण ती चालू व्हायची न्हाई. ती चालू झाली की तुझं दार मोकळं."

धैर्यशीलनं बाहेर पाहिलं. दाराची अख्खी चौकट ट्रकानं भरली होती आणि दोन गिऱ्हाईकं अंग चोरून आत यायला बघत होती. हात दाखवून अवलक्षण झालं होतं. तो मुकाट्यानं बाहेर गेला, बॅटरीच्या पेटीचं झाकण काढलं आणि डब्याचे चिमटे लावले. डब्यानं लाल दिवा दाखवला, पीं पीं केलं आणि काम करायला साफ नकार दिला.

पोरगं मात्र खरं होतं. ते ओशाळलं, आत जाऊन मीटर घेऊन आलं आणि दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या. एक ठणठणीत होती, दुसरी जवळजवळ मेलेली. मग त्या मेलेल्या बॅटरीवरून केबिनकडं जाणारी एक लाल वायर त्यानं वर उचलून धरली.

"काकू, हे काय?"

"टेपची वायर. मालकांनी लावलीया. पंधरा वरसं झाली."

"इथंच घोळ आहे. दोन बॅटऱ्या मिळून गाडीला चोवीस देतात. टेप बाराचा, म्हणून तो एकीवरच जोडलाय. ती गाडीही ओढते आणि गाणीही वाजवते. दुसरी नुसती गाडी ओढते. मग पहिली मरणारच. आता बदलायच्या तर जोडीनंच बदलाव्या लागतील."

पंधरा वर्षं ते नवराबायको सेल्फला शिव्या देत होते, डिझेलला देत होते, थंडीला देत होते. आडातच नव्हतं तर पोहऱ्यात कुठून येणार! मेहरुनबीनं पक्कड मागून घेतली आणि वायर तिथल्या तिथं तोडली.

"जोडी दिवाळीला बदलीन," ती म्हणाली. "पर डबा पायजेच. नव्या बॅटऱ्याबी एक दिवस जुन्या होणार, तवा मी कुणाच्या तोंडाकडं बघणार न्हाई. चोवीसचा हाय का तुझ्याकडं?"

होता. एका खडीवाल्यानं मागवला होता आणि नेलाच नव्हता. वरच्या फळीवर धूळ खात पडला होता. पाण्याच्या कॅनएवढा, उचलताना खांदा खाली यावा असा. तारा अंगठ्याएवढ्या जाड. "हा बारालाही चालतो, चोवीसलाही. बटण मात्र बघून लावायचं," धैर्यशील म्हणाला. या वेळी मेहरुनबीनं त्याला हात लावू दिला नाही. बटण चोवीसवर आहे हे तिनं दोनदा बघितलं. लाल चिमटा जिथून गाडीला तार जाते त्या टोकाला, काळा चेसिसच्या उघड्या लोखंडाला. मिनिटभर थांबली. सेल्फ मारला. गाडी एकदा खोकली आणि धडाडून सुरू झाली. दुकानातली गिऱ्हाईकंसुद्धा टाळ्या वाजवायला लागली.

रात्री वायरची हकीगत ऐकून रसूलचा चेहरा पडला. "म्हंजे मी गाणी ऐकली आन धक्के तू खाल्लेस."

"खाल्ले कुठं? कुणी दिलेच न्हाईत," ती म्हणाली. मग दोघंही हसली. हसता हसता रसूल एकदम थांबला आणि म्हणाला, "मेहरुन, अड्ड्यावरच्या निम्म्या गाड्यांचं टेप मीच जोडलंय. असंच. बाळासोच्या दोन्ही गाड्यांचंबी."

चौथ्या दिवशी तिचा नंबर पुकारला गेला. तिनं सेल्फ मारला. टक् असा आवाज झाला आणि पुढं काही नाही. अड्ड्यावरचे लोक आरामात बसले. बाळासोनं मनगट डोळ्यांपुढं धरलं आणि दुसऱ्या हातात खडू घेतला.

मेहरुनबी खाली उतरली. केबिनमधून डबा काढला, पेटीचं झाकण उघडलं, चिमटे लावले. कुणाकडं बघितलं नाही. मिनिटभर थांबून वर चढली आणि गाडी सुरू केली. काळा धूर बाळासोच्या टोपीवरून गेला.

"ये! हे चालणार न्हाई!" बाळासो ओरडला. "गाडी आपल्या बॅटरीवर सुरू झाली पायजे. बाहेरचं यंत्र लावायचं न्हाई. फुली!"

मेहरुनबी खिडकीतून वाकली. आवाज बाळासोपेक्षा चढा निघाला. "धक्का चालतो, मग डबा का चालत न्हाई? तुमची दहा माणसं काय कंपनीनं गाडीबरोबर दिली व्हती? काल तुमची गाडी ढकलली, तवा तुमचं घड्याळ कुठं गेलं व्हतं, बाळासोभाऊ? लिवा की फुली. आदी तुमच्या नावापुढं लिवा, मग माझ्या."

धक्का मारणारेच सगळे तिथं उभे होते, नाही कसं म्हणणार! फाटकापाशी आकाराम उभा होता, हमालांचा म्होरक्या, साठी ओलांडलेला, खांद्यावर पोती ओढायचा लोखंडी आकडा. तो आपल्या माणसांकडं वळून म्हणाला, "पोती काढा रं. बाई दहा मिन्टांच्या आत हाय. मीबी घड्याळ बघतुया." आणि त्यानं फाटक सताड उघडलं.

बाळासोनं खडू खिशात टाकला. "बरं बरं, जावा. पुढल्या खेपंला बघू."

मेहरुनबीनं गिअर टाकला. फाटकाशी गाडी क्षणभर थांबवून ती म्हणाली, "पुढल्या खेपंला तुमची गाडी अडंल. कधी ना कधी अडणारच, का ते मला म्हाईत हाय. तवा मला हाक मारा, डबा घिऊन यीन मी. पर हाक मोठ्यांदी मारायची, बाळासोभाऊ. सगळ्यांच्या देखत."