आप्पाची वाकळ

विट्याकडचा अमृत बावीस वर्षं गलाईत होता. तमिळ मुलखातल्या एका पेठेत सोनारांची जुनी चांदी वितळवून शुद्ध करायची, हे त्याचं काम. भट्टीत चांदीबरोबर शिसं घालायचं. शिसं सगळी घाण ओढून घेतं आणि चांदी लखलखीत उरते. धूर कुणाच्या नाकात जातो, हे कोण कशाला विचारतंय!

यंदा दिवाळीला तो गावी आला तो पोट धरूनच. भूक मेलेली, मनगटं ढिली. सांगलीच्या डॉक्टरांनी रक्तातलं शिसं मोजायला लावलं. पाचाच्या आत हवं ते एकसष्ट निघालं. अमृतला काही वाटलं नाही. असल्या कामात असलंच व्हायचं, म्हणाला. बायको संयोगितानं तेवढा तो कागद पुन्हा पुन्हा वाचला.

डॉक्टर म्हणाले, मुलीचंही तपासा. आता शिवांजली चार वर्षांची, विट्याच्या पलीकडं कधी गेली नाही; तिच्या रक्तात काय डोंबल सापडणार? तरी गेले. लॅबमधल्या फिरदोसनं पोरीचा हात साबणानं दोनदा धुतला, कारण कातडीवरची धूळ मिसळली तरी आकडा फुगतो. मग खास नळीत रक्त घेतलं. नमुना पुण्याला गेला आणि आठ दिवसांनी उत्तर आलं. अडतीस.

"चुकलं आसंल. परत मोजा," अमृत म्हणाला.

"दोनदा मोजलंय, भाऊ," फिरदोस खाली बघत म्हणाली.

मग डॉक्टरांनी विचारलं, तिकडचं घरी काय काय येतं?

गलाईवाले काही म्हणता काही टाकत नाहीत. झाडलोटीचा केर, हात धुतलेलं पाणी, सगळं राखून ठेवतात. वर्षभर भट्टीवर वापरलेले सदरे तर दिवाळीआधी जाळून राखेतनं चांदी काढतात. अमृत मात्र दरसाल दोन सदरे मालकाकडं मागून घ्यायचा. मालक त्याला खुळ्यात काढायचा. पोर बापाची आठवण काढते म्हणून संयोगितानं त्या सदऱ्यांची वाकळ शिवली होती, आणि बापाचा वास जाऊ नये म्हणून ती कधी धुतली नव्हती. पोरगी तिचा कोपरा तोंडात धरूनच झोपायची.

दोघं घरी आली. अमृतला रडू येत नव्हतं, राग येत नव्हता; आतनं सगळं बधिर झालं होतं. वाकळ काढून घेतली की पोरगी घर डोक्यावर घेणार, ह्याचीच संयोगितानं धास्ती घेतली होती.

पण शिवांजलीनं वाकळ आपणहून आणून बापाच्या पुढ्यात टाकली.

"घ्या. आप्पा न्हाईत तवाच ही घ्यायची, आसं आई म्हंती. आता तुमी हाय की."

आणि उचलून घ्या म्हणून तिनं दोन्ही हात वर केले.

अमृत दोन पावलं मागं सरला.

"थांब बाळा, आंघूळ करून येतो," तो म्हणाला. घरी आल्यापासनं त्याची ती तिसरी आंघोळ होती.