सरसाची भिंत

चुन्याच्या भिंतीला कागदाची पट्टी चिकटत नाही. हे मी एवढ्या ठामपणे सांगते, कारण एक अख्खा भाद्रपद माझा आणि माझ्या नणंदेचा त्याच घाणीत गेला. बोटांना आंबलेली खळ, नखांत चुना, केसांत पोपडे. आणि पट्टी? ती आपली भिंत सोडून जमिनीवर लोळत पडलेली. अजूनही कुणी भिंतीला कागद लावायला निघालं की मला मळमळतं.

ही नणंद म्हणजे सरोजवन्सं. बिदरला दिलेल्या. नवऱ्यानं दुसरी केली आणि यांना एका ट्रंकेसकट गौलीगुडा मोहल्ल्यात आमच्या दारात आणून सोडलं. टांगा थांबवून ठेवला होता त्यानं, उतरलासुद्धा नाही. आमच्या घरातल्या एकाही पुरुषानं त्याला जाब विचारला नाही. आमचे हे वकील. अदालतीत तासन्‌तास बोलायचे आणि घरी नरहरकाकांसमोर मान खाली घालून उभे राहायचे. नरहरकाका माझे चुलत सासरे, सरकारातून पेशकार म्हणून निवृत्त झालेले आणि सासऱ्यांच्या मागे घरातले कर्ते. "नशीब एकेकीचं," म्हणून त्यांनी तो विषय मिटवला आणि अडकित्ता हातात घेतला. तो सुपारीचा कटकट आवाज मला तेव्हापासून सहन होत नाही.

वन्सं रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. मराठी सुरेख, उर्दू सफाईदार, अक्षर मोत्यासारखं. गल्लीतल्या मुलींना शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं. त्याला जागा हवी, आणि जागा म्हणजे घरात एकच, काकांची बैठक. सकाळभर ती रिकामीच असायची; संध्याकाळी काकांचे निवृत्त मित्र येऊन पान खात आणि सरकारी तक्रारी उगाळत.

"बघू," काका म्हणाले. "दसऱ्याला लोक सोनं द्यायला येतात. त्या दिवशी बैठक बघण्यासारखी दिसली तर सकाळची इजाजत. माझ्या शेरवानीला चुना लागला, की किस्सा खतम."

चुना लागणारच होता. ती भिंत म्हणजे एक रोगच होता. मुसी नदीकडून ओल यायची, दर दिवाळीला जुन्या थरावर नवा थर चढायचा, आणि टेकलेला माणूस पीठ चाळून उठल्यासारखा उठायचा. वन्संच्या मनात होतं की खोलीभर, मांडी घालून बसलेल्या मुलीच्या हाताला येईल असा काळा पट्टा फिरवायचा, म्हणजे प्रत्येकीला लिहायला आपापली जागा. वरची-खालची कड सरळ यायची तर कागदाच्या पट्ट्या लावून मध्ये रंग भरायला हवा. घरात जुन्या सरकारी जरीद्यांचे, म्हणजे राजपत्रांचे, गठ्ठे होते. त्यांच्या पट्ट्या कापल्या, मैद्याची खळ शिजवली, आणि लागलो कामाला.

पहिल्या पट्ट्या घटकाभर टिकल्या आणि एकेक करत खाली आल्या. पाठीवर चुन्याचा थर घेऊन आल्या, ही गंमत. खळीचा दोषच नव्हता. खळीनं चुना घट्ट धरला होता, चुन्यानं भिंत धरली नव्हती. खळ दाट केली तर कागद सुरकुतला आणि त्याखालून काळा रंग ओघळला. चुन्यात डिंक घालून पाहिला, तर सकाळी भिंतीवर मुंग्यांची रीघ आणि पट्ट्यांखाली झुरळं. मी एक पट्टी सोडवली आणि एक झुरळ माझ्या मनगटावरून चालत गेलं. मी किंचाळले तसे काका ओसरीवरून ओरडले, "काय तमाशा चाललाय?"

माझ्या माहेरी परभणीला चुन्यात सरस घालत. हाडं-कातडी उकळून करतात तो, सुतार वापरतात तो. तो घातला की चुना हाताला लागत नाही. या घरात सरसाचं नाव काढायची सोय नव्हती. काकांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा नेम: सोवळ्याच्या घरात भिंतीला सरस नाही. काकांचे कायद्याचे जाडजूड ग्रंथ मात्र चामड्यात बांधलेले, आणि ती बांधणी सरसाचीच. ते ग्रंथ मांडीवर घेऊन ते दूध प्यायचे. तेव्हा नेम कुठे जायचा कोण जाणे!

मी हे वन्संना बोलून गेले. दुसऱ्या दिवशी काका मित्राकडे गेल्यावर त्या बेगमबाजारातून सरसाच्या वड्या घेऊन आल्या आणि परसात तीन दगडांवर शिजवायला बसल्या. तो वास! मी पदर नाकाला लावून विहिरीपलीकडे उभी होते, तरी मला उलटी झाली. वन्सं डोळ्यांतून पाणी गाळत ढवळत होत्या.

"वन्सं, टाका ते. किळस येते हो."

"मलाही येते," त्या म्हणाल्या. "पण वहिनी, या घरात दोन वेळा जेवून पडून राहायची मला याहून जास्त येते."

मग त्यांनी भिंत मुळापासून खरवडली, सरसाचा चुना दिला, तो कडकडीत वाळू दिला. कोरड्या फडक्यानं धूळ पुसली, खळ भिंतीला नाही तर पट्टीला लावली, तीही पातळ, आणि मधून कडेकडे अंगठ्यानं दाबत नेली. पट्टीच्या कडेवरून आधी पांढराच हात फिरवला, म्हणजे फट राहिली असेल तर ती पांढऱ्यानं बुजावी. त्यावर काळा. काळा ओलसर असतानाच पट्टी तिरकी ओढून काढली. कड सुरीनं कापल्यासारखी आली.

दसऱ्याला बैठक भरली. काका मुद्दाम भिंतीला टेकून बसले. उठले तेव्हा शेरवानी स्वच्छ होती. जो तो भिंतीवर हात फिरवून वाहवा करत होता आणि काका ती वाहवा स्वतःच्या खिशात टाकत होते. "आमच्या घरचं काम. सोवळ्यात केलेलं," असंही एकाला म्हणाले. लोक गेल्यावर त्यांनी वन्संना हाक मारली.

"सरोज, घे तुझी सकाळ. आणि दिवाळीला देवघराची भिंतही अश्शीच करायची."

मी डोळ्यांनी खुणावत होते, गप्प राहा, गप्प राहा. हवं ते मिळालं होतं. वन्संनी माझ्याकडे पाहिलं आणि मग सरळ काकांकडे.

"यात सरस आहे, काका. देवघराला चालेल का, ते तुम्ही ठरवा."

काका तसेच उठले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी विहिरीवर गेले. इतक्या घागरी ओतून घेतल्या की दुसऱ्या दिवशी शिंकत होते. शिंकत शिंकतच त्यांनी निकाल दिला. बैठक बाटली, तिथे ते पाऊल ठेवणार नाहीत. सरोज बाटली, तिनं स्वयंपाकघरात आणि देवघरात यायचं नाही. भटजी येतील, ती पंचगव्य घेईल, भिंत खरवडून तिला साधा चुना दिला जाईल, भटजी खोलीतही पंचगव्य शिंपडतील, की सगळं पूर्ववत.

"एक घोट घे आणि मोकळी हो," आमचे हे म्हणाले. इतक्या दिवसांत बहिणीशी बोलले ते एवढंच.

"नको," वन्सं म्हणाल्या. "मी शुद्ध झाले की खोलीही शुद्ध करणार. आणि शुद्ध खोलीत काका बसणार."

भटजी आले तसे परत गेले. काकांची बैठक ओसरीवर गेली. वन्संचा वर्ग दुसऱ्याच दिवशी भरला, आणि सकाळचाच नव्हे, दिवसभराचा. काही घरांनी बाटलेल्या खोलीत मुली पाठवल्या नाहीत. ज्यांनी पाठवल्या, त्यांच्या मुली काळ्या पट्ट्यासमोर मांडी घालून बसल्या आणि खडू मोडेपर्यंत लिहीत राहिल्या. वन्सं त्याच खोलीत राहिल्या, तिथेच झोपल्या, तिथेच जेवल्या, काका असेतोवर. वेगळं ताट, वेगळा तांब्या.

ते ताट उंबऱ्याबाहेर ठेवून मागं फिरायचं, असा मला हुकूम होता. सरसाचा वास मी कधीच विसरले होते. किळस आता येत होती ती या हुकमाची, हुकूम देणाऱ्या तोंडाची आणि ऐकून घेणाऱ्या माझ्या नवऱ्याची. मी रोज ताट आत नेलं. वन्संच्या शेजारी बसून त्यांना पोटभर वाढलं, त्यांचं उष्टं ताट हातानं उचललं आणि काकांच्या देखत तशीच स्वयंपाकघरात शिरून त्यांच्या पोळ्या लाटायला बसले. त्यांनी मला एकदाही अडवलं नाही. घरात स्वयंपाक करायला दुसरं कुणी नव्हतं.