लांबशिंगी आणि आखूडशिंगी

अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या अल्फारेटा गावात आमच्या शेजारच्या काकांइतका तापट माणूस नाही, आणि तापतात कशापायी, तर माशांपायी! मूळचे मालवणचे, रिटायर्ड इंजिनियर. घरात पाऊल टाकलं की चहाच्या आधी टीव्हीवर दोन फोटो लावणार. डेव्हिल रे नावाच्या पाकट माशाच्या दोन जाती. चपटं अंग, तोंडापाशी दोन शिंगं. "फरक सांग!" आपण "सेमच दिसतात की, काका," म्हटलं की संपलं. "सेम? डोळे गहाण ठेवलेत का? ही लांबशिंगी. ही आखूडशिंगी, आणि हिच्या पाठीवरच्या पराचं टोक पांढरं!" माझ्या नवऱ्याला तर एकदा चहा न देताच घरी पाठवलं.

त्यांचे एकुलते एक मित्र, नागपूरचे डॉक्टरकाका, मुद्दाम काडी लावायचे. दर रविवारी सोफ्यावर रेलून विचारायचे, "आखूडशिंगी म्हणजे बहुदुधी ना रे? मग यातली दूध कोणती देते?" की काका उसळलेच. "गाढवा, गोठ्यात आलायस का?" आमच्या किचनपर्यंत ऐकू यायचं. दोघंही टकले, बुटके, सेलमध्ये घेतलेली निळी जॅकेटंही सारखीच. इथल्या मराठी मंडळात कोणते काका कोणते, कुणाला धड कळायचं नाही. डॉक्टरकाकांची डावी भुवई पांढरीशुभ्र होती, पण बघतो कोण!

गेल्या महिन्यात डॉक्टरकाका गेले. मंडळाच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आली आणि खाली फोटो आमच्या काकांचा! लोक आपले धडाधड हात जोडतायत, एकाच्याही लक्षात येऊ नये? माझं तर डोकंच फिरलं. काकांनी माझ्यासमोर सेक्रेटरीला फोन लावला.

"सॉरी काका, लगेच डिलीट करतो. आता तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य..."

"माझं सोड रे! मला मारलंस, ठीक आहे. पण त्याची श्रद्धांजली मला का देतोस? इतकी वर्षं तुमच्या पंगतीला बसला तो. एक भुवई पांढरी होती माणसाची, तेवढी बघता आली नाही?" त्यांनी फोन आपटला.

परवा रविवारी मी मुद्दाम गेले. टीव्हीवर ते दोन फोटो होते, पण 'फरक सांग' नाही की काही नाही. मला उत्तर पाठ होतं. तरी सोफ्यावर रेलून विचारलं, "काका, यातली दूध कोणती देते?"

काका ताडकन उठले, किचनमध्ये गेले आणि तिथूनच ओरडले, "गाढवे, मासा आहे तो!"

ओरडणं अगदी पूर्वीसारखं होतं. फक्त चहा घेऊन बाहेर यायला त्यांना फार वेळ लागला.