खोकला बंद आहे

मोखाड्यातील तमाम नागरिकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की अस्मादिकांनी खोकणे कायमचे बंद केले आहे.

असा फलक दारावर लावायचा तेवढा बाकी होता. बायपास करून घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं होतं, की छातीचं हाड कापून तारेने पुन्हा बांधलंय. आता दीर्घ श्वास घ्यायचा, धरायचा आणि उशी छातीशी आवळून खोकायचं. कफ साचता कामा नये. मी त्यातलं एकच ऐकलं, तारेने बांधलंय. आमच्याकडे कुंपणंही तारेचीच असतात. त्यातून कुठली शेळी आत येत नाही, सांगा.

व्यायामाच्या प्लास्टिकच्या यंत्राची नळी तोंडात धरून श्वास ओढला, की तीन चेंडू वर चढायला हवेत. मी पहिलाच चढवायचो. दुसरा हलला की आत खवखवायचं, खोकला वर यायचा, आणि मी त्याला कोमट पाणी पाजून परत झोपवायचो. बायको रोज म्हणायची, काही होत नाही, खोका. इतक्या थंडपणे, की माझी भीती दुप्पट व्हायची. आडवं झालं की छातीत घरघर. खोकलो तर फाटणार, नाही खोकलो तर आतल्या आत बुडणार.

जव्हारला तपासणीत डॉक्टरांनी छाती ऐकली आणि म्हणाले, कफ सुटला नाही तर पुन्हा भरती.

परतताना जीपमध्ये पुढे ड्रायव्हर, मी आणि बायको. उशी राजपुत्रासारखी माझ्या मांडीवर. मागे एका आजींच्या पायाशी सुक्या मिरच्यांचं पोतं. वळणावर ते कलंडलं. आधी ड्रायव्हर शिंकला, मग मागचे सगळे. मी तोंड दाबून धरलं. डोळ्यांना धारा, कानांत नगारे. ड्रायव्हरने जीप कडेला घेतली. आजींनी मागून विचारलं, एवढं काय धरून ठेवलंय, सोड की. बायकोने उशी दोन्ही हातांनी माझ्या छातीवर दाबली.

सुटला. बरगड्या हलल्या, तारा हलल्या, मला वाटलं जीपही हलली. कफ रुमालात आला. मी शर्टात हात घातला. सगळं कोरडं, सगळं जागच्या जागी. श्वास घेतला, तो पार तळापर्यंत गेला.

बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे घट्ट मिटलेले, बोटं उशीत रुतलेली. तिने एक डोळा उघडून माझी छाती न्याहाळली आणि भर जीपमध्ये बोलून गेली, "अगं बाई, मला वाटलं उसवलंच आता."