उत्तमरावांची सिक आणि बोरोदिनची धून

उत्तमराव मूळचे भुसावळचे. जयपूरला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. रविवारच्या हटवाड्यात, म्हणजे आठवडी बाजारात, त्यांना एक जुनी कॅसेट मिळाली, आत माहितीचा कागद, आणि बोरोदिन नावाचा रशियन संगीतकार त्यांच्या घरी कायमचा मुक्कामाला आला. पोटासाठी रसायनशास्त्र शिकवायचं आणि सवड मिळाली तर संगीत रचायचं, असा तो संसारी गडी. घरात नातेवाइकांचा इतका राबता, की पियानो वाजवला तर पाहुण्यांची झोप मोडेल म्हणून हा बिचारा गप्प. सवड मिळायची ती आजारी पडल्यावरच. म्हणून मित्र त्याला म्हणत, लवकर आजारी पड. उत्तमरावांना वाटलं, हा तर आपल्याच रेल्वे क्वार्टरमधला निघाला.

बोरोदिनने बायकोसाठी एक रचना केली होती. मग उत्तमरावांनीही व्हायोलिनवर आपल्या बायकोसाठी, विजयमालाबाईंसाठी, धून बांधायला घेतली. पण सिग्नल बिघडायला काळवेळ नसते. ताप येऊन ‘सिक’मध्ये, म्हणजे आजारपणाच्या रजेवर गेले, की धून जरा पुढे सरके. खात्यातला सोबती नंदकिशोर हसून म्हणे, "उत्तमजी, भगवान करे आप जल्दी बीमार पड़ो."

२००६ साली ते निवृत्त झाले, जयपूरमधल्याच मुरलीपुऱ्यात राहायला गेले. आता रोजच रविवार, आणि नेमकी आताच धून रुसली. दात होते तेव्हा चणे नव्हते. चणे आले तर दात गेले. काही केल्या शेवट सुचेना.

"बोरोदिनचा ऑपेरासुद्धा अपुराच राहिला," ते बायकोला म्हणाले. "तो गेल्यावर मित्रांनी पुरा केला. आपलं कोण करणार?" त्यांनी व्हायोलिनची पेटी कपाटावर चढवली. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी विजयमालाबाई भाकरी थापताना गुणगुणत होत्या. उत्तमरावांनी पेपर खाली ठेवला. धून त्यांचीच होती. पण नेहमी अडायची तिथे अडली नाही. पुढे गेली, वळली आणि सावकाश घरी परतली.

"हा शेवट कुठला?"

"माझाच. तुम्ही अर्धवट वाजवून ड्यूटीवर जायचे, आणि ते माझ्या डोक्यात अडकून राहायचं. शेवटी मीच पुरं केलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मतलब, मला वाटलं, तुमचा शेवट निराळा असेल."

 एवढी वर्षं उत्तमराव आजाराची वाट बघत बसले आणि धून स्वयंपाकघरात कधीच पुरी झाली होती. त्यांनी स्टूल ओढलं, पेटी खाली काढली.

"परत म्हण."

"भाकरी करपेल."

"करपू दे."