घोडेवाटेवरचं फाटक

चंद्रावती घरतला स्वयंसेवक हा शब्दच आवडायचा नाही. तिची नोकरी पनवेल डेपोत, एसटीच्या कंडक्टरकीत गेली होती, आणि जो स्वतःला सेवक म्हणवतो तोच आधी खिडकीची जागा धरतो, असं तिचं अनुभवाचं मत होतं. तरीही निवृत्त झाल्यावर दर रविवारी सकाळी ती सुनेच्या, अंकिताच्या, स्कूटरवर मागे बसून आपटा गावाच्या बाजूला जायची आणि खारघरहून मोटारींतून आलेल्या अशाच स्वयंसेवकांच्या टोळक्यात उभी राहायची. कारण तिथे घोडे होते.

तिचा बाप पनवेल स्टेशनवर टांगा हाकायचा. शाळेतून आली की चंद्रावती घोडीला पाणी दाखवायची, आणि बाप जेवून आडवा झाला की तिच्या उघड्या पाठीवर बसून तिला गाढी नदीवर धुवायला न्यायची. पुढे रिक्षा आल्या, टांगा मोडीत गेला, घोडी विकली. त्यानंतर घोड्याजवळ उभं राहायला मिळालं ते वरातींत, आणि बँडच्या आवाजाने कावराबावरा झालेला घोडा तिला बघवत नसे. म्हणून अंकिता एके दिवशी म्हणाली, "आई, घोड्यांच्या क्लबला वाटा साफ करायला माणसं हवीत," तेव्हा ती लगेच तयार झाली.

क्लब दीपेशचा. खारघरच्या टॉवरमध्ये राहणारा, फ्लॅट विकून पैसा केलेला हा गृहस्थ. ओढ्याकाठी भाड्याच्या जागेत त्याने तबेला बांधला होता, आणि तिथून पाताळगंगेकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटेवर तो हौशी लोकांना घोड्यावरून फिरवायचा. पावसात वाट खचायची, घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या दोन्ही बाजूंनी आत शिरायच्या, फांद्या स्वाराच्या तोंडावर आपटायच्या. या कामाला मजूर लावण्याऐवजी दीपेशने 'ट्रेल रक्षक' निर्माण केले होते. हिरवे टी-शर्ट दिले की लोक फुकट राबतात, हे त्याला फ्लॅट विकता विकता कळलेलं असावं.

अर्थात राबतात म्हणणंही धाडसाचं. आधी गोल रिंगण व्हायचं. प्रत्येकाने निसर्गाचे आभार मानायचे, मग हातपाय ताणायचे, मग फोटो. ऊन चढल्यावर कोयते बाहेर निघायचे. एक इंजिनियर कुदळ खांद्यावर घेऊन स्वतःचेच फोटो काढत बसायचा. त्याची कुदळ जमिनीला लागलेली कोणी पाहिली नव्हती. एका बाईला करवंदीची जाळी तोडवत नसे, कारण वेदना होतात. बाईला नव्हे, जाळीला. चंद्रावती कोयता चालवता चालवता हे बघायची आणि मनातल्या मनात एकेकाला पुढच्या थांब्यावर उतरवायची.

त्यातही हेतलवर तिचा विशेष राग. हेतल कॉलेजात शिकवायची. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर गॉगल, नाकावर पांढरं मलम. "ही झुडपं तोडायला आलीय का कोनाचं ऑपरेशन करायला?" चंद्रावती अंकिताच्या कानात म्हणाली. ते हेतलला ऐकू गेलं आणि ती खळखळून हसली. हसली म्हणून चंद्रावतीचा राग आणखी वाढला.

थंडीतल्या एका रविवारी दीपेशने आपल्या एका बड्या गिऱ्हाइकाला घोड्यावर बसवून आणलं. ओढ्याच्या वळणावर समोरून सोमी आली. सोमी वरच्या कातकरवाडीची, डोक्यावर लाकडांची मोळी. मोळीला घोडा बुजला, बाजूला उडाला आणि गिऱ्हाईक थेट चिखलात बसलं. लागलं काही नाही, पांढरी पँट तेवढी कामातून गेली. मोळी टाकून सोमी त्याला उठवायला धावली, तर ते तिच्यावरच खेकसलं.

"ही घोड्यांची वाट आहे, कळत नाही?" दीपेशही ओरडला.

पुढच्या रविवारी ओढ्याच्या तोंडाशी लोखंडी फाटक उभं होतं. दोन्ही बाजूंना काटेरी तार, मोठं कुलूप आणि पाटी: 'खासगी घोडेवाट. पायी जाण्यास मनाई.'

"जागा कोनाची ही?" चंद्रावतीने विचारलं.

"मावशी, मेंटेन आपण करतो ना?" दीपेश हसत म्हणाला. "मग आपलीच झाली की."

"मी पन रोज गाडीत फिरायची. डेपोतली गाडी कदी घरी नाय नेली."

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने दीपेशच हसला. अपमान विनोद समजून पचवणारा माणूस तिला कंडक्टरकीतही कधी जिंकता आला नव्हता.

तेवढ्यात फाटकापलीकडे मोळी घेऊन सोमी येऊन उभी राहिली. तिने कुलूप हाताने हलवून पाहिलं, पाटीकडे बघितलं, मग चंद्रावतीकडे.

"बाय, तुमी वाट साफ करायला लागल्या तवा आमी म्हनलं, कोनाला तरी आमची आठवन झाली."

चंद्रावती फाटकाजवळ गेली.

"आता डांबरी रस्त्यानं फिरून जावं लागतंय. ते न्हावा शेवा बंदराकडचे ट्रेलर अंगावर येतात. काल मोळीसकट गटारात पडली मी." सोमीने कोपर वर करून दाखवलं. खरचटून लाल झालं होतं.

चंद्रावतीने आपण साफ केलेल्या वाटेकडे पाहिलं. हा काटा मी तोडला, ती खचलेली कड मी भरली, आणि कोणासाठी? इतके दिवस ती आजूबाजूच्यांच्या पदरात टाकत आलेली तुच्छता आज तिच्या स्वतःच्या पदरात पडली, आणि ती भलतीच जड निघाली.

तिने अवजारांतली पहार उचलली. कुलुपाच्या नादी न लागता ती सरळ खांबाच्या बुडाशी भिडली. सिमेंटच्या बाबतीत दीपेशने हात आखडता घेतला होता, ढेकळं सुटू लागली.

"मावशी, ही तोडफोड आहे! पोलीस बोलवावे लागतील."

"बोलव. त्यांना इचार वाट कोनाची ते. मलाबी आयकायचंय."

ट्रेल रक्षकांनी मोबाइल वर केले. वाटेसाठी ज्यांना वाकता येत नव्हतं, त्यांना चित्रीकरणासाठी बरोबर वाकता आलं. अंकिता खाली मान घालून उभी. खांब हलत होता पण निघत नव्हता. तेवढ्यात रबरी मोजे घातलेले दोन हात पहारीवर आले.

"जोर खाली लावू की वर?" हेतलने विचारलं.

"खाली. आनि बोलू नको."

फाटक धाडकन ओढ्यात पडलं. सोमी त्याच्या जाळीवर पाय देऊन मोळीसकट अलीकडे आली आणि चालू लागली. आभार वगैरे तिने मानले नाहीत. ते चंद्रावतीला फार बरं वाटलं. आपल्याच वाटेने जाताना आभार कोणाचे मानायचे?

घरी पोचण्याआधीच तिला क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलं होतं. रात्री अंकिताने ताटं जरा आदळतच वाढली. मग म्हणाली, "आई, तिथे माझे साहेब येतात."

"मग त्यांना चहाला बोलाव. भजी करीन. माफी नाय मागनार."

पोलीस काही आले नाहीत. उलट गावातली मंडळीच क्लबवर जाऊन वाटेचे कागद मागू लागली, आणि कागद तर नव्हतेच. तेव्हा दीपेशला अचानक साक्षात्कार झाला. 'ट्रेल रक्षकांचा ऐतिहासिक निर्णय: पारंपरिक वाट आदिवासी बांधवांसाठी खुली!' असा मजकूर सगळीकडे फिरला. मांडव घातला, लाल फीत बांधली, प्रमुख पाहुणे म्हणून चिखलात पडलेलं गिऱ्हाईकच आणलं. निर्लज्जपणा कुठवर जातो ते बघायला चंद्रावती मुद्दाम गेली.

सोमीला भर उन्हात शाल पांघरून खुर्चीत बसवलं होतं. "ही वाट आम्ही यांना अर्पण करतो," दीपेश माइकवर म्हणाला.

"तुमची कवा झाली व्हती?" सोमीने बसल्या जागेवरून विचारलं. माइक जवळच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनीच वाजवल्या. स्वयंसेवक कशालाही टाळ्या वाजवतात.

क्लब अजून चालू आहे. पाऊस संपला की हिरवे टी-शर्ट पहिल्या वळणापर्यंतची वाट साफ करतात, कारण फोटो तिथवरच चांगले येतात. पुढची वाट चंद्रावती, हेतल आणि वाडीतल्या बाया मिळून करतात. घोडे येतात, बाया येतात, एकमेकांना जागा देतात. त्यातली एक तांबडी घोडी मात्र चंद्रावती दिसली की जागची हलत नाही. स्वार लगाम ओढतो, टाच मारतो, हिला नीट शिकवलेलं नाही म्हणून कुरकुरतो. चंद्रावती मुठीतला गुळाचा खडा घोडीच्या तोंडात सरकवते, आणि स्वाराला काहीएक सांगत नाही.